न घालता बघितलं का?

माझ्या बायकोनं महाजन मॅडमशी कित्येक महिने अबोला धरला होता, आणि त्याला कारण झालं मेथीचं पाणी.

झालं असं, की माझी रक्तातली साखर उतरली. हिनं रोज सकाळी रिकाम्या पोटी मला मेथीचं पाणी पाजलं होतं, तेव्हा श्रेय उघडच हिचं. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या घरी जो येईल त्याला ही ते ऐकवत होती आणि वर मूठभर मेथी पुडीत बांधून देत होती. एका रविवारी महाजन मॅडम आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पोह्यांचा घास संपवला आणि विचारलं, "वहिनी, मेथी न घालता बघितलं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सर त्याच महिन्यापासून सकाळी तापीपर्यंत चालत जायला लागलेत. साखर मेथीनं उतरली की चालण्यानं, हे कळणार कसं? मेथी बंद करा, चालणं तसंच ठेवा, मग सांगा."

हिनं त्यांच्यासमोरची मावा जिलेबीची बशी उचलली. "मग ही पण न खाता बघा," म्हणाली आणि आत गेली, ती मॅडम जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी ओशाळून जिन्यापर्यंत पोचवायला गेलो, तर मॅडम खुशीत. "वहिनींना मुद्दा बरोबर कळला," म्हणाल्या.

डॉक्टर कुमुदिनी महाजन आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी अर्थशास्त्र. त्यांची प्रयोगशाळा आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत, तिला वरच्या बाजूला जाळी. त्या जाळीतून त्यांच्या रसायनांचा वास माझ्याकडे यायचा आणि माझी मागणी-पुरवठ्याची रडकथा त्यांच्याकडे जायची. बुटक्या, सावळ्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. आयुष्यात कधी नखाला रंग न लावलेल्या या बाईच्या पदराला कायम नेलपॉलिशचा वास यायचा. तो त्यांच्या प्रयोगातल्या एका द्रावणाचा होता. पहिल्या वर्षाची पोरं त्यावरून कुजबुजायची, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्याच शर्टांना तो वास लागायचा.

'न घालता बघितलं का?' हा त्यांचा प्रश्न मूळचा प्रयोगशाळेतला. तुम्ही भांड्यात अमुक घातलं आणि तमुक घडलं, एवढ्यानं काही ठरत नाही. तेच अमुक वगळून, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून पुन्हा बघायचं. याला त्या कोरा प्रयोग म्हणत. कोऱ्यात काही घडलं नाही, तरच अमुकचं श्रेय अमुकला. शास्त्र म्हणून हे ठीकच आहे हो, पण मॅडमनी ते सगळ्या बुऱ्हाणपूरला लावून ठेवलं होतं. प्राचार्यांनी अंगठ्याचं मशीन बसवलं आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की हजेरी वाढली. मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, "सर, मशीन बिना लगाए देखा? इस हफ्ते परीक्षा के फॉर्म भरे जा रहे हैं. बच्चे तो वैसे भी आते." प्राचार्य वाईट माणूस नव्हते. पण त्यांना टाळ्या आवडत, आणि मॅडमना टाळ्यांच्या आधी कोरा प्रयोग लागे. दोघांचं जमणं कठीणच होतं.

त्यांनी डॉक्टरेट पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत केली होती. तिथंच राहा, म्हणून सगळे सांगत होते. त्या परत आल्या. का आल्या, याच्या निरनिराळ्या कहाण्या गावात होत्या. मी एकदा सरळच विचारलं, तर एकदम उसळल्या, "का म्हणजे? गाव माझं आहे. आणि रसायनशास्त्र काय पुण्याचं आहे?"

त्यांचं काम काय, हे मला त्यांनी इतवाऱ्यात, भावाच्या पॉवरलूमवर नेऊन समजावलं होतं. तिथं एका मागावरचा ताणा संपला होता आणि कारागीर जुन्या सुताच्या टोकाला नव्या सुताचं टोक जोडत बसला होता. बोटांना राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, सोडायची, की पुढची दोन. "हे बघा सर," खडखडाटात ओरडून मॅडम म्हणाल्या, "माझं आयुष्य हेच. दोन रेणू असतात, आपणहून जुळत नाहीत. मधे पॅलेडियम नावाचा धातू चिमटीएवढा घातला, की तो दोन टोकं धरतो, जोडतो आणि बाजूला होतो. पुढची जोडी धरायला मोकळा. औषधाच्या गोळीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत हेच जोडकाम आहे. आणि हा माणूस कापडात राहतो का? नाही राहत. जोडायचं आणि निघायचं." बोलताना त्यांच्या डोळ्यांत जे काही होतं, ते माझ्या डोळ्यांत राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना कधी आलं नाही, हे मी मान्य करतो.

पॅलेडियम सोन्याच्या पंगतीतलं. आमच्या कॉलेजात खडू मागायलाही अर्ज लागायचा. पण मॅडमनी कधी रडगाणं गायलं नाही, त्या भांडायच्या. विषारी वाफा बाहेर टाकायला खोकं हवं होतं, ते मंजूर झालं नाही, म्हणून त्यांनी घरचा कूलर उघडून त्याचा पंखा खिडकीत बसवला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी कूलर नव्हता, आणि बुऱ्हाणपूरचा उन्हाळा काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. प्रयोगशाळेच्या जागी परीक्षेची खोली करायची म्हणून प्राचार्य एकदा मजूर घेऊन आले, तर मॅडम दारात उभ्या. "रिअ‍ॅक्शन चालू है. बीच में नहीं रुकती." कब तक चलेगी, असं त्यांनी विचारलं. "जब तक मैं हूँ," मॅडम म्हणाल्या. मजूर हसले, आणि प्राचार्यांना माघारी जावं लागलं.

तर या खोलीत वैशाली आली. धूलकोटजवळ तिच्या वडिलांची केळी आणि कापूस. एमएस्सीला पहिली आलेली, घरातली शिकलेली पहिलीच पोर, आणि घरचे तिचं लग्न ठरवायला उतावीळ. पीएच.डी. होईपर्यंत थांबतो, असं वडिलांनी कबूल केलं होतं. त्यापुढं एक दिवस नाही. मॅडमकडे नाव नोंदवलेली ती एकटीच. या दोघींनी मिळून राखेचं प्रकरण सुरू केलं.

घड कापला, की केळीचं खोड कामाचं नाही. आमच्याकडे रस्त्यांच्या कडेला ढीगच्या ढीग सडत असतात. वैशाली ती खोडं वाळवून, जाळून राख आणायची. राख पाण्यात कालवून गाळली, की साबणासारखं बुळबुळीत पाणी मिळतं. जोडकामाला पॅलेडियमच्या जोडीला एक क्षार लागतो, तो या फुकटच्या पाण्यातून मिळाला. शिवाय पॅलेडियम नेहमीपेक्षा पुष्कळ कमी पुरायला लागलं. ते आणखी कमी केलं, तरी चाललं. मग शिरस्त्याप्रमाणं मॅडम म्हणाल्या, "आता न घालता बघ."

वैशालीनं पॅलेडियम न घालता बघितलं, आणि दोन रेणू जुळले.

जाळीतून मला तिची किंकाळीच ऐकू आली. मी वर्ग सोडून धावलो, मला वाटलं भाजली. पाहतो तर दोघी एका काचेच्या पट्टीवर वाकलेल्या. जांभळ्या दिव्याखाली तिच्यावर जुळलेल्या रेणूचा एक ठिपका दिसत होता, जो तिथं असायला नको होता. मॅडमनी राख बदलली, भांडं बदललं, पाणी बदललं, तरी ठिपका येतच राहिला. म्हणजे जगभरची माणसं ज्या महागड्या धातूवाचून अडून बसली आहेत, त्याच्याशिवाय आमच्या केळीच्या राखेत जोडकाम होत होतं. शोधनिबंध छापून आला. वैशालीच्या प्रबंधाचा कणाच तो झाला. इतवाऱ्यात मॅडमचा फोटो असलेला फलक लागला, 'बुरहानपुर की बेटी का कमाल'. माझ्या बायकोनंही अबोला सोडला आणि जिलेबी घेऊन गेली. मॅडमनी ती खाल्ली आणि काही विचारलं नाही. त्या दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं, की वाटलं, बाईंचा जन्म सार्थकी लागला. पुढं सत्कार ठरला, भोपाळहून मोठे पाहुणे येणार होते, नव्या प्रयोगशाळेची घोषणा होणार होती, आणि त्याची नांदी म्हणून वर्षानुवर्षं अडलेलं सामान धडाधड यायला लागलं. त्यात नवी बीडं होती.

बीड म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणातलं बोटाच्या पेराएवढं लोहचुंबक. भांड्यात टाकायचं, खाली यंत्र फिरलं की ते गरगर फिरतं आणि आतलं ढवळून निघतं. मॅडमची बीडं जुनी होती, पुण्याची. तिथून निघताना त्यांनी मागून आणली होती आणि ती कुणाला हातही लावू देत नसत. दर वेळी घासायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. नवी मागितली तर मिळायची नाहीत, हे कारण होतंच, पण जीवही होता त्यांच्यावर. आता नवी आली. वैशालीनं हौसेनं नवं पाकीट फोडलं आणि प्रयोग लावला. ठिपका आला नाही.

पुन्हा लावला, तरी नाही. जुनं बीड टाकलं, की आला. मग मॅडम स्वतः बसल्या. नवं बीड, ठिपका नाही. जुनं बीड, ठिपका. शेवटी त्यांनी जुनं बीड खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरलं. पांढऱ्या प्लास्टिकवर केसासारखे ओरखडे होते आणि त्यांत करडी रेघ. घासून, धुऊन न निघालेलं पॅलेडियम. पुण्यातल्या आणि इथल्या सगळ्या वर्षांचं, नजरेला न दिसणारं, पण जोडकामाला पुरेसं. त्यांनी राख, भांडं, पाणी, सगळं बदललं होतं. ढवळणारं तेवढं बदललं नव्हतं. ज्यांच्या हाताशी पाकीटभर बीडं असतात त्यांच्याकडून ही चूक झाली नसती. ती आमच्यासारख्यांकडूनच व्हायची.

माझी जीभ वळवळलीच. "म्हणजे मॅडम, शेवटी पुण्याचंच निघालं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. मग म्हणाल्या, "पुण्याचं निघालं, हे बुऱ्हाणपुरात कळलं ना? पुण्यात कुठं कुणाला कळलं होतं?"

पण वैशालीशी बोलणं इतकं सोपं नव्हतं. मला ते सगळं जाळीतून ऐकू आलं. मी पोरांना आलेख काढायला लावून गप्प बसून होतो.

"मॅडम, सत्कार झाल्यावर सांगू ना. प्रबंध जमा आहे माझा. कोणाले काय माहीत आहे?"

"आपल्याला माहीत आहे."

"तुमचं ठीक आहे! तुमची नौकरी आहे, नाव आहे. मले घरी बसवतील, मॅडम. बाबा थांबणार नई आता. माझी इतकी वर्सं, मतलब, गेली पाण्यात?"

"वैशाली, उद्या कुणीतरी आपला निबंध वाचून नव्या बीडानं हा प्रयोग लावेल. त्याची वर्षं जातील. त्याला आपण काय सांगायचं?"

"त्याले मी ओळखत नई!" वैशाली रडत ओरडली. "मले ओळखता ना तुम्ही? मग माझं बघा ना!"

मग मॅडम म्हणाल्या, "तुझंच बघतेय. खोट्या ठिपक्यावर डॉक्टर झालीस, तर जन्मभर तुला पट्टीकडे बघायची भीती वाटेल." त्यांचा आवाज चिरकत होता. त्यांना मी तसं कधी ऐकलं नव्हतं. दार आपटल्याचा आवाज झाला आणि वैशाली व्हरांड्यातून पळत गेली.

प्राचार्यांनी हात जोडले. "मॅडमजी, पंडाल लग गया है. फंक्शन हो जाने दीजिए, बाद में जो करना है कीजिए." मॅडमनी त्यांना वचन दिलं नाही, सत्कारही नाकारला नाही, आणि प्राचार्यांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला.

सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांनी केळी आणि विज्ञान यांवर भाषण केलं. मग मॅडम माईकपुढं आल्या. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडून जुनं बीड काढलं आणि दोन बोटांत धरून उंच केलं. मागच्यांना ते दिसलंही नसेल. "जो काम हुआ, वो हमारी राख ने नहीं किया, इसने किया. मैं सबसे पूछती फिरती हूँ कि बिना डाले देखा क्या. इसके बिना मैंने ही नहीं देखा था. ग़लती मेरी है, मेरी छात्रा की नहीं. निबंध मैं वापस ले रही हूँ." मग शाल काढून घडी केली आणि पाहुण्यांच्या समोर टेबलावर ठेवली. "ये अभी मेरी नहीं हुई. पर राख अच्छी है, उस पर काम बंद नहीं होगा."

मंडपात कुणाला काय करावं कळेना. मी टाळी वाजवली, तर ती एकटीच वाजली. मला त्या दिवशी त्या बाईंचा इतका अभिमान वाटला, की मी आणखी जोरात वाजवली. शेजारी माझी बायको पदर डोळ्यांना लावून बसली होती.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. नव्या प्रयोगशाळेचं नाव पुन्हा निघालं नाही. जुन्या खोलीत परीक्षेचं कपाट आलं. इतवाऱ्यातला फलक कुणी उतरवला कळलं नाही. मॅडमना जिन्याखालची खोली मिळाली. त्यांनी कूलरचा पंखा तिथल्या झरोक्यात बसवला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग लावला. जाता-येता लोक चुकचुकत. कुणी म्हणालं, "मॅडम, काय मिळालं?" तर लगेच फणकारा, "नवी बीडं मिळाली. चांगली आहेत."

वैशाली मात्र आली नाही. अख्खा उन्हाळा ती धूलकोटला होती. तिला पाहायला दोन ठिकाणचे येऊन गेल्याचं कानावर आलं. मॅडमनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण जिन्याखाली दुसरं स्टूल होतं, ते त्या रोज पुसायच्या. कॉलेज उघडलं आणि एका सकाळी ते स्टूल भरलेलं दिसलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही, तिथं जाळी नव्हती. एवढंच कळलं, की तिनं वडिलांकडून आणखी मुदत मागून घेतली होती. दोघींनी सगळं मुळापासून काढलं, दर खेपेला कोरं बीड आणि दर खेपेला मोजून घातलेलं पॅलेडियम. धातूशिवाय काही होत नाही, पण राखेच्या पाण्यात तो अगदी नखाएवढा पुरतो, एवढं खरं निघालं. फलक लागावा असं त्यात काही नव्हतं, तरी वैशाली त्याच्यावर डॉक्टर झाली.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते धूलकोटला गेलो त्या दिवशी. त्या निवृत्त झाल्या होत्या. वैशालीला महाविद्यालयात नोकरी लागली, म्हणून तिच्या वडिलांनी जेवण ठेवलं होतं, मॅडम आणि मी बसनं गेलो. जेवणं झाली. वडील अंगणात, चारचौघांत मॅडमसमोर येऊन उभे राहिले. हात जोडले, डोळे भरलेले. "मॅडम, तुम्ही नसत्या तं हाई पोर काय डॉक्टर होती? तुमच्यामुळं झालं हे सारं."

मी मनात म्हटलं, आता आलंच. आणि आलंच.

"भाऊ," मॅडम म्हणाल्या, "मला न घालता बघितलं का तुम्ही? तुमची पोर हुशार आहे. माझ्याशिवायही झाली असती."

वडील गोंधळले. वैशाली ताटं उचलत होती, ती तशीच थांबली.

"बघितलं, मॅडम," ती म्हणाली. "तो उन्हाळा पूरा, तुमच्याशिवाय बघितलं मी. काहीच नई झालं."

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मग हनुवटी वर करून, थेट प्रयोगशाळेतल्या आवाजात त्या म्हणाल्या, "एकदा बघून काही सिद्ध होत नाही, वैशाली. परत बघावं लागतं."

"नसू द्या सिद्ध," वैशाली म्हणाली. "मले परत नई बघायचं."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. मॅडम उठल्या आणि कुणाकडे न बघता तरातरा निघाल्या. माझी पिशवीसुद्धा त्यांनीच उचलून नेली, आणि ती आपली नाही हे त्यांना बस सुटेपर्यंत कळलं नाही.